धापेवाड्याची सायकलफेरी: साठीपुढच्या मंडळींनी ८० किलोमीटर करावे काय?

प्रश्न

नमस्कार. नागपूरच्या प्रतापनगर आणि त्रिमूर्तीनगर भागातील आम्ही अकरा जण रोज सकाळी सायकलने अंबाझरी तलावापर्यंत जाऊन येतो. सर्वांत धाकटे सदस्य ६१ वर्षांचे असून सर्वांत ज्येष्ठ ७४ वर्षांचे आहेत. तिघी भगिनी आहेत, दोघांना मधुमेह आहे आणि एकाच्या हृदयात स्टेंट आहे. डिसेंबरमधील एखाद्या रविवारी काटोल मार्गाने फेटरी आणि कळमेश्वर करत धापेवाड्याला जावे, चंद्रभागेकाठच्या विठ्ठलाचे दर्शन घ्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावे, असा बेत आहे. एका बाजूचे अंतर सुमारे ४० किलोमीटर भरते आणि आमची रोजची सवय जेमतेम १२ किलोमीटरची आहे. घरच्यांचा विरोध आहे. उलट दोघा उत्साही मंडळींना तेथून अदासाच्या गणपतीलाही जायचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

काका, धापेवाड्याला आपण पोहोचाल यात मला शंका नाही, चिंता परतीची आहे. देवदर्शन झाले, पोटभर जेवण झाले आणि मग डोक्यावर ऊन घेऊन पुन्हा ४० किलोमीटर, इथेच साठीपुढची मंडळी गळतात, हे मी आमच्या गटात दोनदा पाहिले आहे. त्यामुळे जाताना सायकलने जावे आणि येताना सायकली एखाद्या छोट्या मालवाहू गाडीत टाकून आणाव्यात. यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. सायकलींमध्ये जुनी गोधडी किंवा पोती घालायला विसरू नका, नाहीतर एकीचे पायडल दुसरीच्या तारांत अडकते.

पहाटे पाचला निघण्याचा हट्टही धरू नये. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि शहर मागे पडले की धुके दाट होते. त्यातच हंगामामुळे त्या रस्त्यावर कापसाच्या आणि संत्र्यांच्या गाड्या असतात. उजाडल्यावरच निघा, एकामागे एक चाला आणि सर्वांत सावकाश चालवणाऱ्या व्यक्तीला पुढे ठेवा. ती मागे राहिली तर थांब्यावर बाकीच्यांची विश्रांती होते, आणि ती पोहोचते न पोहोचते तोच सगळे निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती मिळत नाही.

जाण्यापूर्वी सीटची उंची तपासा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. आपल्या वयाची बहुतेक मंडळी पडण्याच्या भीतीने सीट खाली ठेवतात आणि मग गुडघेदुखीचा दोष वयाला देतात.

प्रतिसाद २

मी निवृत्त डॉक्टर आहे आणि स्वतः सायकल चालवतो. मधुमेहाच्या दोन्ही सदस्यांची औषधे कोणती आहेत, हे आधी पाहावे. केवळ मेटफॉर्मिन असेल तर साखर एकाएकी खाली जाण्याची भीती थोडी असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर त्या दिवसाच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निघू नये. गेल्या वर्षी आमचे एक सोबती, स्वभावाने अत्यंत शांत, फेटरीच्या पुढे विनाकारण चिडू लागले आणि हेल्मेटचा पट्टा बराच वेळ चाचपत राहिले, तरी तो त्यांना सुटेना. थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम होता. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली आणि पंधरा मिनिटांत ते स्वतःच आपल्या चिडण्यावर हसले. अशा वेळी शेंगदाण्याची चिक्की कामाची नाही, कारण स्निग्धांशामुळे तिची साखर उशिरा चढते. श्रमाचा परिणाम काही तासांनीही होतो, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी साखर पुन्हा तपासावी.

स्टेंट असलेल्या सदस्यांनी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घ्यावी आणि जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असल्यास ती खिशातच ठेवावी, मागून येणाऱ्या गाडीत नव्हे. मनगटी घड्याळातील नाडीच्या आकड्यावर त्यांनी विसंबू नये, कारण बीटा ब्लॉकर औषधे नाडी दाबून ठेवतात. पूर्ण वाक्य बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागला, तर वेग कमी करावा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, तथापि १२ वरून एकदम ४० ही उडीच मला मान्य नाही. आधी दोन रविवारी फेटरीपर्यंत, मग एकदा कळमेश्वरपर्यंत जाऊन या. अदासा या खेपेस सोडा. टेकडीवरचा गणपती कुठे जात नाही. आणि जाताना वाटेत तर्री पोहे खाण्याचा मोह होईलच, तेव्हा तर्री बेतानेच घ्या. पुढचे वीस किलोमीटर ती आठवण करून देते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. येत्या रविवारी फेटरी ठरले आहे. मालवाहू गाडीचा प्रस्ताव मांडताच सर्वप्रथम होकार त्या दोन उत्साही मंडळींनीच दिला. सीटचे म्हणाल, तर आज सकाळी तपासल्यावर अकरापैकी सात सायकलींच्या सीट खाली निघाल्या. त्यांत माझीही होती.