थंडीत बॉल पावडर उशिरा का पेट घेते? ६.५ क्रीडमूरबाबत एक शंका

टेकडीपलीकडचा (डेन्व्हरजवळ, कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षे मी माझ्या बोल्ट-ॲक्शन रायफलीसाठी ६.५ क्रीडमूर या मापाची काडतुसे घरीच भरतो. इतकी वर्षे मी एच ४३५० ही बारीक दांड्यांच्या आकाराची पावडर वापरत होतो, परंतु ती दुकानात मिळेनाशी झाल्यामुळे गेल्या मे महिन्यात साधारण त्याच वेगाने जळणाऱ्या एका नव्या बॉल पावडरीचा (म्हणजे गोल दाण्यांच्या पावडरीचा) एक पौंडाचा डबा आणला. तिचे व कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दोष तिचा की माझा हेच अजून ठरलेले नाही.

सुरुवातीला मी अत्यंत समाधानी होतो. दांड्यांची पावडर मापातून पडताना एखादी दांडी कापली जाऊन हँडल अडकते, आणि मग प्रत्येक माप तराजूवर घालून चिमट्याने दोन-चार दांड्या कमी-जास्त कराव्या लागतात. ही पावडर मात्र खसखशीसारखी सरसर वाहते आणि मापामागून माप एकाच वजनाचे पडते. मी निर्मात्याच्या तक्त्यातील किमान वजनापासून सुरुवात केली, ०.३ ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) पायऱ्यांनी वर गेलो आणि तक्त्याच्या मध्याच्याही खाली, जिथे लक्ष्यावर गोळ्या जवळजवळ पडून गट चांगला जमला, तिथे थांबलो. जूनमध्ये ३० अंश तापमानात दहा गोळ्यांच्या वेगाचे प्रमाण विचलन (गोळी-गोळीतील वेगाच्या फरकाचे माप) ९ फूट प्रति सेकंद आले, आणि तेवढ्यावर मी पन्नास काडतुसे भरून ठेवली.

अडचण जानेवारीत आली. उणे ९ अंश तापमानात त्याच वजनाने नव्याने भरलेली काडतुसे घेऊन गेलो, तेव्हा सरासरी वेग ३८ फुटांनी घटला, प्रमाण विचलन २४ वर गेले, आणि सातव्या काडतुसाला घोडा ओढल्यावर आधी नुसता टक् असा आवाज झाला आणि त्यानंतर, डोळ्याची पापणी लवावी इतक्या अंतराने, बार झाला. मी तिथेच थांबलो आणि उरलेली काडतुसे परत आणली. गोळी १४० ग्रेनची, नळी २४ इंची आणि प्रायमर (पावडर पेटवणारी, पुंगळीच्या बुडाची छोटी टोपी) नेहमीचेच, जे एच ४३५० बरोबर मला कधीही दगा देत नव्हते. ही पावडर थंडीला योग्य नाही असे समजावे, की माझ्या पद्धतीत काही चूक आहे?

जुना नेमबाज (सॅन अँटोनियो, टेक्सास)

थांबलात हे अत्यंत योग्य केलेत. टक् आवाज होऊन बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबावे आणि त्यानंतरच बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडावा, हा नियम नव्या वाचकांसाठी पुन्हा लिहून ठेवतो. बोल्ट अर्धवट उघडलेला असताना काडतूस पेटले तर ते पितळ आणि तो वायू तोंडाच्या दिशेनेच येतो.

आता माझा प्रश्न. आपल्या पुंगळ्यांना मोठ्या प्रायमरची खाच आहे की लहान? ६.५ क्रीडमूरची पितळी पुंगळी दोन्ही प्रकारांत मिळते. लहान प्रायमरच्या पुंगळ्या स्पर्धेतील नेमबाजांना आवडतात, कारण तिथे मागच्या बाजूला पितळ जाड राहते आणि खाच लवकर सैल होत नाही. परंतु त्यांतील काहींमध्ये ज्वाला आत जाण्याचे भोकही लहान, म्हणजे नेहमीच्या २ मिलिमीटरऐवजी सुमारे दीड मिलिमीटरचे असते. लहान प्रायमर, लहान भोक, कडाक्याची थंडी आणि पेटायला जड अशी पावडर या चारही गोष्टी एकत्र आल्या, तर आपण सांगता तसेच घडते. एच ४३५० सहज पेट घेत असल्यामुळे त्याच प्रायमरने इतकी वर्षे निभावले असावे.

बॉल पावडरीला मॅग्नम प्रायमर (जास्त जोरदार ज्वाला देणारा) द्यावा असे आम्ही इथे जवळजवळ सवयीनेच करतो. मात्र प्रायमर बदलला की आधीचे वजन रद्द समजावे. मॅग्नम प्रायमरने दाब वाढतो. म्हणून पुन्हा तक्त्यातील किमान वजनापासून, त्याच लहान पायऱ्यांनी, प्रायमर चपटा होतो का आणि बोल्ट उचलताना जड लागतो का हे पाहत वर यावे. क्रीडमूरची दाबाची मर्यादा ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे आणि ती घरी मोजण्याचे साधन आपल्यापैकी बहुतेकांकडे नसते, ही गोष्ट मी स्वतःला दर वेळी बजावतो.

क्षार (नागपूर)

मी निवृत्त रसायनतज्ज्ञ आहे आणि माझी नोकरी प्रणोदकांच्या कारखान्यात गेली. नेमबाजीचा अनुभव मला नाही, परंतु बॉल पावडर पेटायला जड का असते हे सांगू शकेन.

दाणा गोल असला की जळताना तो सर्व बाजूंनी लहान होत जातो, म्हणजे जळणारा पृष्ठभाग सतत घटतो. त्यामुळे सर्वाधिक वायू सुरुवातीलाच, गोळी जेमतेम हललेली असताना तयार होतो, आणि गोळी नळीत पुढे जाऊन मागची जागा वाढते तेव्हा वायू अपुरा पडतो. दांडीच्या आकाराच्या दाण्याला मधोमध आरपार छिद्र असते. दांडी बाहेरून बारीक होत असताना आतले छिद्र रुंद होत जाते आणि पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो. गोल दाण्याला ही सोय नाही. म्हणून त्याच्या वरच्या थरात जळण मंदावणारे रसायन मुरवतात (डायब्युटाइल थॅलेट हे त्यांतील नेहमीचे), त्यामुळे आरंभी जळण आवरले जाते आणि हा थर संपल्यावर आतला भाग वेगाने जळतो. आपली पावडर भिंगाखाली पाहिलीत तर बहुधा अनेक दाणे लाटून चपटे केलेले दिसतील; दाण्याची जाडी, म्हणजे ज्वालेला जाळत जावे लागणारे अंतर, नेमके करण्यासाठी ते तसे करतात.

आता प्रायमरची ज्वाला प्रथम पोहोचते ती याच मंदावणाऱ्या थरापाशी. दाण्यांच्या आत नायट्रोग्लिसरीन असले तरी दारावर हा थर उभा असतो, आणि पावडर उणे ९ अंशांवर असेल तर तो पेटण्याच्या तापमानाला आणण्यासाठी अधिक उष्णता खर्ची पडते. पापणी लवण्याइतका जो विलंब आपण अनुभवला, तो याच पायरीवर झाला असावा.

ही पद्धत मुळात फार सुंदर आहे, म्हणून थोडे विषयाच्या कडेने. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला इलिनॉयमधील ईस्ट आल्टन येथे वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी ती विकसित केली. पहिल्या महायुद्धातील तोफांच्या पावडरीचे साठे खराब होत होते, हा प्रश्न त्यांना आधीपासून ठाऊक होता. नायट्रोसेल्युलोज इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळवून ते पाण्यात ढवळले की साबुदाण्यासारखे गोल थेंब तयार होतात आणि द्रावक उडून गेल्यावर ते कडक दाणे होतात. बहुतेक काम पाण्याखाली होत असल्यामुळे आगीचा धोका कमी असतो, आणि विरघळवताना उरलेले आम्ल धुऊन काढता येते. हे आम्लच पावडरीचा नाश करते.

उदकशांती (मिनियापोलिस, मिनेसोटा)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु प्रमाण विचलन ९ वरून २४ वर गेले त्याचे सगळे खापर प्रायमरवर फोडण्याआधी आपण आपले भरण्याचे टेबल एकदा तपासावे असे मला वाटते, कारण माझी स्वतःची फसगत तिथेच झाली होती.

ही काडतुसे आपण हिवाळ्यात, घरातील हीटर चालू असताना भरलीत असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. आमच्याकडे त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या दिसतात. अशा हवेत बॉल पावडरीचे बारीक दाणे प्लॅस्टिकच्या नरसाळ्याला आतून चिकटून बसतात. मी एकदा नरसाळे दिव्याखाली उलटे धरले, तर आतल्या भिंतीवर करड्या रंगाची एक अखंड साय दिसली; ती ब्रशने खाली पाडून तोलली तेव्हा ०.४ ग्रेन भरली. म्हणजे एका पुंगळीत तेवढी कमी गेली होती, आणि नरसाळ्याला जरासा धक्का लागताच ती पुढच्या पुंगळीत जास्तीची गेली असती. तेव्हापासून मी पितळेचे नरसाळे वापरते आणि मापाची प्लॅस्टिकची नळी कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकतात त्या कापडाने पुसून घेते.

दुसरे, मापात नवी पावडर ओतली की ती दबून बसेपर्यंत पहिली दहा-बारा मापे हलकी पडतात. ती परत ओतून टाकावीत. तिसरे, ही पावडर दांड्यांच्या पावडरीपेक्षा दाट असल्यामुळे पुंगळीत वर मोकळी जागा राहते, आणि पावडर प्रायमरकडे आहे की गोळीकडे यावर वेग बदलतो. दहा काडतुसे टोक वर करून सावकाश आडवी करून चेंबरमध्ये घालावीत, दहा टोक खाली करून, आणि क्रोनोग्राफवरील (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरील) फरक पाहावा. फरक मोठा आला तर पेटण्याची ताकद अपुरी आहे असे खुशाल समजावे.

सिंहगडपायथा (पुणे)

चर्चा अत्यंत माहितीपूर्ण आहे. भारतात परवानाधारक नेमबाजाला घरी अशी काडतुसे भरता येतात का?

क्षार (नागपूर)

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरेसा नाही. तेव्हा कृपया तसा प्रयत्न करू नये.

जुना नेमबाज (सॅन अँटोनियो, टेक्सास)

उदकशांतीताई, वर-खाली करण्याची चाचणी फार उत्तम सुचवलीत.

तापमानाबद्दल राहून गेले होते ते लिहितो. बॉल पावडर ऊन-थंडीला हळवी असते हा जुना अनुभव आहे, आणि पुष्कळ पावडरींच्या बाबतीत तो आजही खरा आहे. अलीकडे मात्र ही उणीव दूर करण्याच्या हेतूनेच काही पावडरी बनवल्या गेल्या. २०२० मध्ये आलेली विंचेस्टरची स्टाबॉल ६.५ ही त्यांपैकी ठळक. तिच्यात नळीतील तांब्याचा थर कमी करणारे द्रव्यही आहे. त्यामुळे सगळ्या बॉल पावडरींना एकच शिक्का मारणे आता योग्य होणार नाही.

एक इशारा सर्व वाचकांसाठी. एखादी पावडर सौम्य करायची म्हणून किमान वजनाच्याही खाली जाऊ नये. एच ११० आणि विंचेस्टर २९६ (दोन्ही एकच पावडर आहे) यांच्याबाबत तर तक्त्यातील वजन ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नये अशी स्पष्ट सूचना आहे, कारण पावडर कमी पडली तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. अशा अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली तर नळी फाटते.

टेकडीपलीकडचा (डेन्व्हरजवळ, कोलोरॅडो)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवले होते.

माझ्या पुंगळ्या लहान प्रायमरच्याच निघाल्या, आणि भोकात दोन मिलिमीटरची ड्रिलची दांडी शिरली नाही, म्हणजे तेही लहान आहे. आधी जुन्या प्रायमरनेच, प्रत्येक माप तराजूवर तोलून आणि नरसाळे बदलून दहा काडतुसे भरली. उणे ७ अंशांवर प्रमाण विचलन १७ आले, म्हणजे ताईंचे म्हणणे खरे होते. चूक काही अंशी माझ्या टेबलावरच होती. त्यानंतर वर-खाली करण्याची चाचणी केली. टोक वर करून आणि टोक खाली करून झाडलेल्या गोळ्यांच्या सरासरीत ५१ फुटांचा फरक निघाला. इतका फरक असेल असे मला खरोखर वाटले नव्हते.

मग लहान मॅग्नम प्रायमर आणले आणि किमान वजनापासून पुन्हा सुरुवात केली. पूर्वीच्यापेक्षा ०.६ ग्रेन खालीच मला जूनमधला वेग मिळाला आणि मी तिथेच थांबलो. काल सकाळी उणे ११ अंश होते. दहाही काडतुसे विलंब न होता उडाली, प्रमाण विचलन १० आले, आणि वर-खालीचा फरक १४ फुटांवर उतरला. जानेवारीत भरलेली जुनी काडतुसे मी गोळी हिसक्याने सुटवणाऱ्या हातोडीसारख्या उपकरणाने उघडून पावडर वेगळी काढली आहे. ती डब्यात परत ओतलेली नाही.

हे वजन थंडीत ठरवलेले असल्यामुळे जूनच्या उन्हात त्याचा दाब किती चढेल हे पाहिल्याशिवाय मी वर जाणार नाही. दहा काडतुसांवर तारीख, प्रायमर आणि वजन लिहून ती बाजूला ठेवली आहेत. पहिल्या ३० अंशांच्या दिवशी, चेंबर तापण्याआधी आणि काडतुसे सावलीत ठेवून, ती झाडेन आणि आकडे इथेच लिहीन.