रॉचडेल कालवा: सोअरबी ब्रिज ते टॉडमॉर्डन, नवख्यांनी लॉक कसे पार करायचे?

प्रश्न
पुढच्या महिन्यात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये ५७ फुटी नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेतोय. सोअरबी ब्रिजहून हेब्डन ब्रिजमार्गे टॉडमॉर्डन आणि त्याच वाटेने परत. चौघे आहोत, सगळे नवखे. जुन्या कापडगिरण्यांची गावं एवढंच ठाऊक आहे, लॉकचं, म्हणजे पाणी भरून-उपसून बोट वरखाली करणाऱ्या दरवाजांच्या टाकीचं, काहीच नाही. एका दिवसात टॉडमॉर्डन होईल का? रुंद लॉकमध्ये एकटी बोट आपटते म्हणतात, ते कसं टाळायचं?

प्रतिसाद १
एका दिवसाचा हट्ट सोडा. ढोबळ हिशेब असा: मैल आणि लॉक यांची बेरीज करून ३ ने भागायचं, येतील तितके तास. इथे सुमारे १० मैल आणि १८ लॉक, म्हणजे नऊ-साडेनऊ तास, आणि तेही सरावलेल्या हातांचे. हेब्डन ब्रिजला मुक्काम करा.

सुरुवातीलाच ट्यूएल लेन लागेल. ३ आणि ४ नंबरच्या जुन्या लॉकांऐवजी १९९६ मध्ये बांधलेलं हे एकच लॉक, जवळपास २० फूट खोल. ते लॉककीपर चालवतो, वेळ आधी ठरवून ठेवा. खालून जाताना आधी बोगदा आहे. त्याने खूण केल्याशिवाय शिरू नका.

प्रतिसाद २
आपटण्याचं कारण सरळ आहे: लॉक १४ फूट रुंद, बोट ६ फूट १० इंच. वर चढताना बोट ज्या भिंतीला लावलीय, त्याच बाजूचं ग्राउंड पॅडल आधी उघडा (पॅडल म्हणजे लॉकमध्ये पाणी सोडायची झडप), तेही अर्धंच. पाणी समोरच्या भिंतीवर आदळून परत येतं आणि बोटीला तिच्याच भिंतीशी दाबून धरतं. उलट बाजूचं आधी उघडलंत की बोट आडवी फेकली जाते. दोराचा खुंटाला एक वेढा द्यायचा आणि टोक हातात ठेवायचं. गाठ कधीच नाही.

प्रश्नकर्ता
ग्राउंड पॅडल म्हणजे नेमकं कुठलं?

प्रतिसाद २
काठावर जमिनीत रोवलेलं असतं ते. त्याचं पाणी भुयारातून येतं. खुद्द दरवाजात असतं ते गेट पॅडल. वरच्या दरवाजात ते असेल तर त्याचं भोक पाण्याखाली जाईपर्यंत हात लावू नका, नाहीतर धबधबा थेट पुढच्या डेकवर. आणि उघडलेलं पॅडल अडकवून धरणारी खिट्टी नीट बसल्याशिवाय विंडलास (पॅडल फिरवायचं हँडल) सोडू नका. गरगरत सुटलेलं हँडल मनगट मोडतं.

प्रतिसाद ३
चढताना एकाने पुढच्या टोकावर नजर ठेवावी, तिथला फेंडर (धक्का झेलणारी गादी) दरवाजाच्या आडव्या लाकडाखाली अडकतो. पण खरा धोका परतीला, खाली उतरताना. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. पाणी उतरताना मागचं टोक त्यावर टेकलं की बोट पुढे कलते आणि बुडतेसुद्धा. काठावरची पांढरी रेघ हीच त्याची खूण, सुकाणू कायम तिच्या पुढे हवं. लॉकचा चेंबर (टाकी) ७२ फुटांचा आहे, तुमच्या बोटीला जागा भरपूर. तरी इंजिन न्यूट्रलवर सोडलं की ती हळूच मागे सरकते.

अडकलीच तर खालची सगळी पॅडल आधी बंद, मगच वरची सावकाश उघडून पाणी भरायचं. क्रम चुकवू नका.

प्रतिसाद १
एक राहिलं. या कालव्यावर विंडलासबरोबर हॅन्डकफ कीसुद्धा लागते, पॅडलची कुलपं तिने उघडतात. दोन मागून घ्या, एक हमखास पाण्यात जाते. निघताना दरवाजे आणि पॅडल बंद झाली का ते पाहा. एक पॅडल जरी उघडं राहिलं तरी वरचा टप्पा रात्रीत उपसला जातो आणि सकाळी बोट चिखलात बसलेली दिसते.