काल्पनिक मित्राला घरात राहू द्यावे का?

प्रश्न
माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. गेल्या पाच महिन्यांपासून ‘सतरा’ नावाचा त्याचा एक अदृश्य मित्र आमच्याकडे वावरतो. सतराच्या देशात जिने नाहीत, सगळा प्रवास लिफ्टने होतो आणि त्या लिफ्टचे वेळापत्रक मुलाने मिनिटांसह वहीत उतरवले आहे. स्वमग्न मुलांना कल्पनाशक्ती नसते, असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्यामुळे याचा आनंद मानावा की हे भास समजून डॉक्टरांना गाठावे, हेच कळेनासे झाले आहे.

उत्तर 1
कल्पनाशक्ती नसते, हा समज आता मागे पडला आहे. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या 2004 मधील अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे 65 टक्के मुलांना कधी ना कधी काल्पनिक सोबती असल्याचे दिसले. स्वमग्न मुलांमध्ये हे प्रमाण कमी असते आणि असा सोबती बहुधा उशिरा येतो, पण येतो. राहिला लिफ्टचा देश. पुढे इंग्रजी साहित्यात गाजलेल्या ब्राँटी भावंडांनीही लहानपणी, 1826 मध्ये मिळालेल्या लाकडी सैनिकांवरून अख्खी राज्ये उभी केली होती. तुमच्या मुलाने वेळापत्रकापासून सुरुवात केली, इतकेच. मला तरी त्यात काळजीचे काही दिसत नाही.

उत्तर 2
माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. विशी ओलांडल्यावरही ती दिवसभरात घडलेले सगळे एका अदृश्य मैत्रिणीला मोठ्याने सांगत असे, आणि एका डॉक्टरांनी तो मनोविकार ठरवून औषधे सुरू केली. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांमध्ये असे स्वतःशी बोलणे सर्रास आढळते, हे आम्हाला फार उशिरा समजले. एखादा दिवस कसा गेला हे आम्हाला आजही त्या गप्पांवरूनच कळते.

उत्तर 3
काळजीचे काही नाही, या पहिल्या उत्तराशी सहमत आहे, मात्र सरसकट नाही. ‘सतरा’ हा मुलाच्या सांगण्याप्रमाणे वागतो की मुलाला हुकूम सोडतो, हे पाहा. मूल त्याला घाबरत असेल, झोप किंवा जेवण सुटत असेल, किंवा आधी येत असलेली कौशल्ये मागे पडत असतील, तर बालमानसतज्ज्ञांना अवश्य भेटा. तोवर तो खोटा असल्याचे सिद्ध करत बसू नका. वेळापत्रकाबद्दल प्रश्न विचारा.

मूळ प्रश्नकर्ती
काल रात्री विचारले. सहा बेचाळीसची लिफ्ट चालवायला माणूस नव्हता, म्हणून ती नोकरी मला मिळाली आहे. सतरा खरा आहे का, असेही हळूच विचारले, तेव्हा त्याने माझी कीव केल्यासारखे पाहिले आणि म्हणाला, “आई, तो मी बनवलाय. तू उशीर करू नकोस.”