देवळाच्या पाटीवर "हेमाडपंती, १० वे शतक" लिहिलंय, दोन्ही एकदम खरं कसं?

रानवारा_८१
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. आमच्या गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचं जुनं काळ्या दगडाचं देऊळ आहे. लहानपणी आजी सांगायची की पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस चढवायचा राहून गेला. आता मागच्या वर्षी तिथे ग्रॅनाइटची पाटी बसवली, त्यावर "हेमाडपंती शैली, १० वे शतक" असं कोरलंय. मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे म्हणून तिला घेऊन गेलो तर ती म्हणते बाबा हेमाडपंत तर रामदेवरायाचा प्रधान, तो १३ व्या शतकातला, मग त्याचं देऊळ १० व्या शतकात कसं? मला काही उत्तर देता आलं नाही हो. मुळात हेमाडपंती म्हणजे नक्की काय, आणि देऊळ बघून ते किती जुनं हे आपल्यासारख्याला ओळखता येतं का? प्रोजेक्टमध्ये देवळाच्या भागांची नावं पण लिहायचीत, गाभारा आणि कळस सोडून मला काही येत नाही.

सुतार_पक्षी
सोप्पंय, चुना न वापरता दगडावर दगड ठेवून बांधलेलं ते हेमाडपंती. विषय संपला.

मुक्काम_सिन्नर
विषय इथे सुरू होतोय, संपत कुठे नाही 😄

रानवारा, पोरगी हुशार आहे तुमची. हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्याच्यानंतर रामचंद्रदेव म्हणजे रामदेवराय यांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याचं सगळं दफ्तर सांभाळणारा मोठा अधिकारी. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ त्याच्या नावावर, मोडी लिपी त्याने आणली असं लोक म्हणतात, बाजरीसुद्धा त्याच्याच खात्यावर टाकतात. असा माणूस एकदा लोकांच्या तोंडी बसला की जुनं जे जे आहे ते सगळं त्याचंच होतं, जसं जुनी प्रत्येक बारव अहिल्याबाईंची आणि प्रत्येक लेणं पांडवांचं.

आता हे बघा. अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातला. हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधी! तरी तिथे येणारा निम्मा पब्लिक त्याला हेमाडपंतीच म्हणतो. आमचा सिन्नरचा गोंदेश्वर पण तसाच, तोही हेमाडपंताच्या आधीचा. आणि उलट्या बाजूला त्र्यंबकेश्वर, ते तर नानासाहेब पेशव्यांनी १८ व्या शतकात बांधायला घेतलेलं, काळा दगड दिसला की झालं, त्यालाही तेच लेबल. म्हणजे ११ व्या पासून १८ व्या शतकापर्यंत सगळं एका माणसाच्या नावावर. पुरातत्त्व सर्व्हेवाले हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर १९३१ साली मोठं पुस्तक काढलं, त्यातही ही भानगड मांडलेली आहे, पण पाट्या लिहिणारे ते वाचत नाहीत.

हेमाडपंताचा देवळाशी संबंधच नव्हता असं मात्र नाही हां. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात विठ्ठलाच्या देवळाला देणग्या देणाऱ्यांत त्याचं नाव आहे.

सायली_के
मग शैलीचं खरं नाव काय म्हणायचं? आम्हाला कॉलेजात नागर, द्राविड आणि वेसर एवढं तीन ओळीत शिकवून मोकळे झाले होते.

मुक्काम_सिन्नर
महाराष्ट्रातल्या बऱ्याच देवळांना भूमिज म्हणतात, ही नागर म्हणजे उत्तरेकडच्या घराण्यातलीच एक शाखा. माळव्यात परमारांनी आणि इकडे शिलाहार आणि यादवांनी ती जोपासली. विदिशेजवळच्या उदयपूरचं उदयेश्वर मंदिर १०८० चं, ते आणि अंबरनाथ शेजारी शेजारी फोटो ठेवून बघा, सख्खी भावंडं वाटतात. ओळखायची खूण शिखरावर असते. चारही बाजूंना मधोमध एकेक नक्षीदार पट्टा खालून वरपर्यंत सरळ चढत जातो, त्याला लता म्हणतात, आणि दोन लतांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरं, आडव्या रांगा आणि उभ्या रांगा, वर जाताना बारीक होत जाणारी, जणू मोठ्या शिखराने अंगावर स्वतःचीच पिल्लं घेतलीत. त्या आडव्या रांगा म्हणजे भूमी, मजले म्हणा, त्यावरून भूमिज. सगळ्यात वर चपटा, कडेने फाका पाडलेल्या आवळ्यासारखा दगड, तो आमलक, आणि त्याच्यावर कलश. अंबरनाथचं शिखर वरून ढासळलंय, त्यामुळे पूर्ण बघायचं तर गोंदेश्वरला या. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य यांची छोटी देवळं, याला पंचायतन म्हणतात. सकाळी लवकर या, कोवळ्या उन्हात त्या रांगा मोजता येतात.

पोरीच्या प्रोजेक्टसाठी नावं खालून वर सांगतो. सगळं देऊळ ज्या ओट्यावर उभं तो जगती. त्यावर भिंतीच्या पायाचे थरावर थर असतात ते पीठ, कुठे त्यात हत्तींची रांग असेल तर तो गजथर, कोल्हापूरकडच्या खिद्रापूरला बघा काय सुरेख आहे. मग मूर्तींची भिंत म्हणजे मंडोवर, तिलाच जंघा पण म्हणतात. आत शिरताना मुखमंडप, मग सभामंडप, मग गाभाऱ्याच्या आधीची अरुंद बोळवजा जागा ते अंतराळ, आणि मग गर्भगृह. दाराच्या चौकटीच्या उभ्या नक्षीपट्ट्या त्या द्वारशाखा, वर मधोमध गणपती बसलेला ती गणेशपट्टी. उंबऱ्यापुढे अर्धगोल पायरी असेल तर ती चंद्रशिळा. उंबऱ्यावर डोळे वटारलेला, दात विचकलेला चेहरा ते कीर्तिमुख, पोरांना फार आवडतं ते.

वाळू_खडी_सिमेंट
मी स्थापत्यवाला नाही, साधा सिव्हिलवाला, ३० वर्षं साइटवर घालवलीत, पण सुतार पक्ष्याच्या एका ओळीवर बोलायलाच पाहिजे. चुना नाही ही खूण बरोबर आहे पण ती बांधायची पद्धत झाली, ती शैली नाही आणि तारीख तर मुळीच नाही. नुसत्या दगडांनी बांधणं हेमाडपंताच्या आधीही होतं. कोरडा सांधा असा टिकतो की दगडाचं वजन सरळ खाली जातं आणि वरच्या वजनानेच खालचा दगड दाबून बसतो, शिवाय कुठे एका दगडाला उंचवटा आणि दुसऱ्याला तसाच खळगा करून अडकवलेले असतात.

पण याची किंमत काय तर दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही. दगडाची तुळई लांब केली की मधेच खालून तडकते. म्हणून त्या मंडपांत खांब इतके दाटीवाटीने असतात, श्रद्धेपेक्षा तिथे गणित जास्त आहे. छत कसं करायचं तर चार तुळयांच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकायचे, चौकोन लहान झाला, पुन्हा त्याच्या कोपऱ्यांवर तिरपे, असं करत करत शेवटचं भोक एका दगडात झाकायचं, त्यावर बहुतेक कमळ कोरलेलं असतं. किंवा गोल थर, प्रत्येक थर आतल्या बाजूला थोडा पुढे सरकवलेला, घुमटासारखं दिसतं पण तो खरा घुमट नाही, कमानीचं तत्त्व त्यात नाही. खरी कमान म्हणजे पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटून उभे, ती आपल्याकडे सर्रास दिसायला लागली ती सुलतानी काळापासून, आणि मग मराठ्यांनी ती इतकी आपलीशी केली की वाड्यातली महिरप आपल्याला घरचीच वाटते.

खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप आठवा, ४८ खांब आणि वर मधोमध छताला गोल मोकळं आभाळ. काही लोक म्हणतात अपुरं राहिलं, मला तर ती मुद्दाम सोडलेली जागा वाटते कारण खाली बरोबर तेवढीच गोल शिळा आहे. (नंदी शोधू नका, तिथे नाहीच, तो कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात.)

सुतार_पक्षी
बरं बाबा, अर्धी ओळ मागे घेतो. पण मग काळ ओळखायचा कसा ते तरी सांगा.

मुक्काम_सिन्नर
शिलालेख असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर अंदाजच, आणि अंदाजाला अंदाज म्हणावं. तरी एक गंमत सांगतो. लोकांना वाटतं जितकी जास्त नक्षी तितकं पक्कं हेमाडपंती. खरं जवळजवळ उलटं आहे. ११ व्या १२ व्या शतकातली देवळं कोरीव कामाने भरलेली, भिंतीला इतके कोन काढलेले की तळ चांदणीसारखा दिसतो, आणि यादवांच्या उतरत्या काळात, म्हणजे खुद्द हेमाडपंताच्या वेळी, भिंती बऱ्याच साध्या आणि बोजड व्हायला लागल्या. म्हणजे कोणी नाक मुरडून पुढे जाईल असं साधं देऊळच कदाचित त्या नावाला जास्त लायक!

दुसरं, खाली एक आणि वर एक असं खूप ठिकाणी असतं. औंढ्या नागनाथला खालचा कोरीव भाग यादवकाळचा आणि वरचं शिखर खूप नंतरचं. रानवारा, तुमच्या देवळाचं शिखर कसं आहे? दगडी की विटांचं?

रानवारा_८१
बापरे, एवढं सगळं! आज संध्याकाळी परत जाऊन आलो पोरीला घेऊन. शिखर विटांचं आहे, पांढरा रंग दिलाय, त्याला कोनाडेच कोनाडे आणि प्रत्येकात बसक्या मूर्ती, एकीच्या डोक्यावर चक्क पगडी. भिंत काळ्या दगडाची, बऱ्यापैकी साधी, पण कोन पुष्कळ. खांबांच्या डोक्यावर चार हातांची ढेरपोटी माणसं छत उचलून धरल्यासारखी बसलीत. मागच्या बाजूला पाणी बाहेर पडायला दगडी मगरीचं तोंड आहे. आत फरशी म्हणजे टाइल्स घातल्यात आणि खांबांना ऑइलपेंट, अबोली रंगाचा. चंद्रशिळा असलीच तर टाइल्सखाली गेली बहुतेक.

वाळू_खडी_सिमेंट
अबोली रंग 🤦

सांधे सिमेंटने भरलेत का ते बघा आधी. भरले असतील तर पाणी आतल्या आत अडकतं, आणि पावसाळ्यानंतर दगडावर पांढरे ओघळ दिसतात. रंग काढायला ॲसिड आणि ग्राइंडर घेऊन कोणी उत्साही आलं तर देवळाबाहेरच थांबवा, तो नक्षीसकट रंग काढतो.

मुक्काम_सिन्नर
ढेरपोटी माणसं म्हणजे कीचक, मगरीचं तोंड ते मकरप्रणाल, गाईचं असतं तर गोमुख. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की खालचं यादवकाळाच्या आसपासचं, आणि शिखर पडल्यावर पेशवाईच्या काळात कोणीतरी विटांनी आणि चुनेगच्चीत नवं चढवलंय. पगडीवाला बहुतेक त्याच वेळचा. फोटोशिवाय याहून जास्त बोलणार नाही. ओढ्याच्या बाजूला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत का बघा, आणि मंडपाच्या छताचा फोटो टॉर्च लावून टाका.

सायली_के
आणि प्रोजेक्टमध्ये आजीची कोंबड्याची गोष्ट पण लिहायला सांगा तिला, कळस नव्हता म्हणजे शिखर खरंच पडलं होतं ना कधीतरी!

रानवारा_८१
अरे हो की, हे डोक्यातच आलं नाही. रविवारी टॉर्च घेऊन जातो. पाटीबद्दल गावातल्या एकांशी बोललो, ते म्हणाले आता कोरलंय ते कोरलंय, खर्च झालाय. पोरीने प्रोजेक्टला नाव दिलंय "पाटी चुकली".