आजीची १९६७ ते ६९ ची जमाखर्चाची वही सापडली, काही नोंदी लागत नाहीयेत, इंदूरच्या जुन्या लोकांनी मदत करा

रामबागची_नात

नमस्कार मंडळी. आमचं रामबागेतलं जुनं घर रिकामं करणं चालू आहे, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजीच्या तीन लांबट वह्या निघाल्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. १९६७, ६८ आणि ६९ चा रोजचा जमाखर्च. आजोबा शाळेत मास्तर होते, पहिल्या तारखेला "पगार २१०" असं लिहून खाली रेघ मारलीये आणि मग महिनाभर एकेक पैसा. मी गेले चार दिवस दुसरं काही केलेलंच नाही, आईचा ओरडा खातेय पण वही सुटत नाही.

बरंचसं कळतं. घासलेट, भिशी ५, दळण, घरभाडं, पोस्टकार्ड, न्हावी. काही ठिकाणी समासात बारीक अक्षरात बातमी पण लिहिलीये. १४ नोव्हेंबर १९६७ ला "सी. के. गेले. हे रडले." एवढंच. २१ जुलै १९६९ ला "चंद्रावर माणूस. पोळ्या उशिरा." हे वाचून माझ्या अंगावर काटाच आला.

पण काही नोंदी अजिबात लागत नाहीयेत. एक म्हणजे आकड्यापुढे उभ्या रेघा, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. "तूप ११।।", "भाजी ।।।", "टांगा ।।". मी आधी दंड समजले, पण वाक्य तर नाहीये. दुसरं, साखर दोनदा लिहिलेली असते, "कं. साखर" आणि "ब. साखर", आणि ब. ची किंमत दुपटीहून जास्त. तिसरं "रे. ला. १५", हे वर्षातून एकदाच येतं. चौथं, दर सोमवारी "रा. नाही", आमच्याकडे सोमवारचा उपास कुणी करत नव्हतं असं आई म्हणते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ८ जून १९६७ ला जमेच्या बाजूला "सराफा, पाटली १, तो. १।, रु. १३१". आजीच्या हातात एकच पाटली असायची, दुसरी कुठे गेली ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. आजोबांना तेव्हा नोकरी होती, घरात आजारपण नव्हतं, लग्न नव्हतं. मग का मोडली असेल? त्या काळी तर सगळं स्वस्त होतं ना?

जुना_इंदुरी

बेटा, वही जपून ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नको, सुती कापडात बांध. मी तेव्हा कॉलेजात होतो, त्यामुळे जेवढं आठवतं तेवढं सांगतो.

त्या रेघा म्हणजे पाव. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. १। म्हणजे सव्वा, १।। दीड, १।।। पावणेदोन. मोडी हिशेबातली पद्धत आहे, आमच्या आजोबांच्या पिढीकडून बायकांपर्यंत आली होती. तूप ११।। म्हणजे साडेअकरा रुपये, भाजी बारा आणे, टांगा आठ आणे. १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, ६४ ला "नवे" शब्द पण गेला, तरी तोंडात आणेच होते, कारण पाव रुपया म्हणजे चार आणे म्हणजे २५ पैसे हे सरळ जुळतं, घोळ व्हायचा तो एक आण्याचा, त्याचे सव्वासहा पैसे होतात आणि तो पाव पैसा द्यायचा कुणी? सहा पैसे घ्या म्हणायचा दुकानदार, मग तीन पैशाचं ॲल्युमिनियमचं षटकोनी नाणं आलं तेव्हा अर्धा आणा नीट सुटायला लागला. तुझ्या पाटलीचा तो. १। म्हणजे सव्वा तोळा. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला शंभराच्या आसपास होतं, घट वगैरे धरून १३१ बरोबर आले आहेत, सराफाने तुझ्या आजीला फसवलेलं नाही.

कं. म्हणजे कंट्रोल, रेशनचं दुकान. ब. म्हणजे बाजार. ६५-६६ आणि ६६-६७ असे लागोपाठ दोन दुष्काळ, त्यात ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन, डॉलर ४.७६ चा साडेसात झाला, त्यानंतर किराणा असा चढला की आमची आई दुकानातून आली की आधी पाणी प्यायची आणि मग बोलायची. साखर तर विचारू नको. ६७ च्या शेवटी सरकारने थोडं नियंत्रण उठवलं, ६० टक्के साखर लेव्हीची, म्हणजे सरकारला ठरल्या भावाने द्यायची, ४० टक्के खुली विका म्हणाले, म्हणून दोन भाव. पाहुण्यांना बाजारची, घरच्यांना कंट्रोलची असं नव्हतं हां, दोन्ही एकाच डब्यात जायच्या, पण कंट्रोलची संपली की चहात गूळ.

आता सोमवारचं "रा. नाही", म्हणजे रात्रीचं जेवण नाही, ते सांगतो. शास्त्रीजींनी १९६५ ला देशाला सांगितलं होतं की आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, धान्य वाचेल. ते ११ जानेवारी ६६ ला ताश्कंदला गेले. आमच्या घरी त्यानंतर पण दोन-तीन वर्षं सोमवारी रात्री चूल पेटत नसे. तुझ्या आजीकडे पण तेच असणार. माळव्यात राहून गव्हाची चिंता करायची वेळ आली याचं आमच्या वडिलांना फार वाईट वाटायचं. "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणणारा मुलुख आणि कंट्रोलवर अमेरिकेचा लाल गहू. त्याची पोळी गार झाली की चामड्यासारखी.

मिलच्या_भोंग्यावर_उठणारी

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्वस्त नव्हतं हो. २१० पगार म्हणजे दिवसाचे सात रुपये. किलोभर तूप साडेअकरा, म्हणजे दीड दिवसापेक्षा जास्त कमाई एका किलो तुपात गेली. आजचे कुठलेही मास्तर दीड दिवसाच्या पगारात किती तूप आणतील ते बघा आणि मग सांगा स्वस्ताई कुठली. लोक नुसता भाव बघतात, पगार बघत नाहीत, व्हॉट्सॲपवर ते "तेव्हा सोनं शंभर रुपये होतं" फिरत असतं ना, ते वाचून मला खरंच राग येतो, कारण ते शंभर रुपये कुणाकडे होते?

तुमच्या घरी निदान पहिल्या तारखेला लिहायला आकडा होता. माझे वडील मिलमध्ये मागावर, आणि बदली कामगार. मिलचं नाव घेत नाही. बदली म्हणजे रोज सकाळी भोंगा वाजायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमवाला कुणी आला नाही तर आत घ्यायचे, नाहीतर परत. मी सात-आठ वर्षांची होते. वडील गेले की आई कणीक मळायला घ्यायची नाही, थांबायची. अर्ध्या तासात परत आले नाहीत म्हणजे काम मिळालं, मग कणीक भिजायची डब्यासाठी, तो डबा मी आणि भाऊ मिलच्या गेटवर नेऊन द्यायचो. वडील परत आले तर त्या दिवशी भाकरी आणि ठेचा, आणि कुणी कुणाशी बोलत नसे. तो अर्धा तास मला अजून आठवतो, आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची, निवडलेलेच परत निवडायची.

पण एक सांगते, अनंत चतुर्दशीला याच मिलवाल्यांच्या झांक्या निघायच्या आणि त्या रात्री आख्खं इंदूर रस्त्यावर. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी, सगळ्या मिलच्या गाड्या, हलणारे पुतळे, दिव्यांच्या माळा. कामगार स्वतः महिना-महिना राबायचे त्यासाठी. वडील मला खांद्यावर घेऊन उभे राहायचे आणि सांगायचे, तो जो हात हलतोय ना मारुतीचा, त्याची पट्टी मी बसवलीये. त्या रात्री ते कायम वाटायचे, बदली नाही. तुमच्या वहीत सप्टेंबरात टांग्याचा मोठा खर्च असेल तर तो झांक्यांचाच, बघा.

शॉर्टवेव्ह_६२

रे. ला. म्हणजे रेडिओ लायसन! पोस्टात जाऊन वर्षाचे १५ रुपये भरायचे, छोटं पुस्तक मिळायचं, त्यात दरवर्षी नवीन तिकीट चिकटवायचे. ऐंशीच्या दशकात बंद झालं ते. म्हणजे तुमच्या घरी रेडिओ होता ही केवढी मोठी गोष्ट आहे, आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं आणि एक रेडिओ, तो पण घरमालकांकडे, जाळीच्या कपाटात, वर क्रोशाचा रुमाल.

मी लहान होतो पण माझ्या मोठ्या भावाने सांगितलेलं आणि माझं स्वतःचं असं मिसळून गेलंय, तरी लिहितो. बुधवारी रात्री ८ ला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज, घरमालक खिडकी उघडी ठेवायचे आणि ओटल्यावर बसायला जागा नसायची. भाऊ वहीत गाण्यांची पायदान, म्हणजे क्रमांक, लिहायचा. संध्याकाळी आपल्या मालवा हाऊसवरून, म्हणजे इंदूर आकाशवाणीवरून, नंदाजी-भेराजी, अस्सल मालवीतून शेतीच्या गप्पा, आम्हा मराठी घरांमध्ये पण सगळ्यांना पाठ, आमची आजी मराठीशिवाय बोलायची नाही पण नंदाजी काय म्हणाले ते मालवीतच सांगायची. नाटकं म्हणाल तर बाबा डिक्यांची नाट्यभारती होती, आणि देवासहून कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, गायला येणार म्हटलं की भावाची मित्रमंडळी चार दिवस दुसरं काही बोलायची नाहीत. सिनेमा रीगल, स्टारलिट, यशवंत. ६९ संपता संपता राजेश खन्नाची लाट आली, ताईच्या मैत्रिणी त्याचे फोटो दप्तरात ठेवायच्या.

जुलै ६९ चं पान मिळालं तर १९ तारीख पण बघा प्लीज. त्या शनिवारी रात्री इंदिराजी रेडिओवर बोलल्या, १४ बँका सरकारने घेतल्या. लोक त्यावर तावातावाने बोलत असतानाच रविवारी रात्री चांद्रयान उतरलं, आपल्या घड्याळात पावणेदोन वाजले होते, आणि सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला आर्मस्ट्राँगने पाय ठेवला. म्हणजे आजीच्या "पोळ्या उशिरा" चा वेळ बरोबर तोच! शाळेची, ऑफिसची गडबड आणि सगळे रेडिओपाशी. तुमच्या आजीने जे चार शब्द लिहिलेत त्यात ती सकाळ आख्खी आहे.

आणि सी. के. बद्दल. सी. के. म्हणजे क्रिकेटचे कर्नल नायडू, ते आपल्या इंदुरातच गेले. १९३२ ला लॉर्ड्सवर भारताचा पहिला कप्तान, होळकर संघाला रणजी जिंकून देणारा माणूस. तुमचे आजोबा रडले यात नवल नाही, इंदूरच्या त्या पिढीने त्यांना मैदानावर बघितलेलं होतं.

रामबागची_नात

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. रेघा कळल्यावर मी रात्री अडीचपर्यंत वही परत पहिल्या पानापासून वाचली, वेगळीच वही वाटायला लागली.

१९ जुलै ६९ ला बँकांचं काही नाहीये हो, "गहू ४० कि." आणि "पावसाने भिंत ओली" एवढंच आहे. झांक्यांचं बरोबर निघालं, सप्टेंबर ६७ ला "टांगा जाऊन येऊन २।।, फुगे, शेव". ताई, तुमचा तो अर्धा तास वाचून मी आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ गप्प होती. स्वस्तचं मी परत कधी म्हणणार नाही.

आणि पाटली सापडली. मी खर्चाची बाजू नीट बघितली नव्हती, कारण जमा ८ जूनला आहे आणि खर्च दोन आठवड्यांनी सुरू होतो. "न.पा. ४०", म्हणजे नगरपालिका. मग "पाइप व तोटी ५२।।". मग "मिस्त्री १५". आणि मग "बाकी २३।। पोस्टात". मी बेरीज केली, १३१ बरोबर होतात. आईला विचारलं तेव्हा तिला एकदम आठवलं. त्याआधी घरात नळ नव्हता. आजी पहाटे साडेतीनला दोन कळशा घेऊन गल्लीच्या नळावर रांगेत उभी राहायची आणि त्या उन्हाळ्यात ती तिथे घसरून पडली होती, मनगट सुजलं होतं. त्याच हातातली पाटली असणार ती. आईला हे माहीत होतं पण नळाचा आणि पाटलीचा संबंध तिने कधी लावला नव्हता.

तो नळ अजून आहे अंगणात. पितळी तोटी, हिरवी पडलीये. घर पुढच्या महिन्यात पाडणार आहेत.

जुना_इंदुरी

आता आठवलं की ते दिवस कसे होते. यशवंत सागर आणि बिलावली हे तलाव आटले की शहराच्या घशाला कोरड. नर्मदेचं पाणी इंदूरला मिळावं म्हणून आंदोलन झालं ते १९७० मध्ये आणि पाणी यायला ७८ उजाडलं, तोपर्यंत घरात तोटी असणं ही फार मोठी गोष्ट होती, शेजारच्या बायका पण तुमच्याच अंगणात भरत असतील, आईला विचार.

तोटी काढताना घाई करू नकोस बेटा. पन्नास वर्षांचा आटा आहे, नुसता पाना लावून जोर केला तर पितळ चिरतं. आदल्या रात्री घासलेट सोडून ठेव, आता मिळत नसेल तर डिझेल चालेल, सकाळी पाइप एका पान्याने धरायचा आणि दुसऱ्याने तोटी हळूच फिरवायची. नाहीच निघाली तर पाइपासकट काप. घरी आणून चिंचेने घास, ॲसिड लावू नको.

रामबागची_नात

रविवारी जातेय काका, चिंच घेऊनच जाते. हो, भरत होत्या शेजारच्या. आई म्हणाली सात घरं.