मदत हवी आहे: लुई नेपोलियन यांच्या भूमिगत वर्षांविषयी

नेपोलियनच्या धाकट्या भावाचे पणतू लुई (जन्म १९१४, ब्रुसेल्स) यांच्यावर लिहिते आहे. फ्रान्सवर राज्य केलेल्या घराण्यांच्या प्रमुखांना हद्दपार करणाऱ्या १८८६ च्या कायद्याने त्यांना फ्रान्सबंदी होती, सैन्यबंदीही. तरी दुसऱ्या महायुद्धात ते 'लुई ब्लांशार' या खोट्या नावाने फॉरेन लिजनमध्ये (परदेशी सैनिकांना घेणाऱ्या फ्रेंच सैन्यदलात) साधे सैनिक म्हणून भरती झाले! ज्या देशाने दार लावलं, त्याच्यासाठीच लढायचं, हे मला फार मोठं वाटतं. १९४२ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरचे पिरेनीज पर्वत ओलांडताना जर्मनांनी पकडलं, तुरुंगवास झाला. पुढे जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत गेले, १९४४ मध्ये गंभीर जखमी झाले. बंदी उठली थेट १९५० मध्ये.

तुरुंगवास ते जखमी होणं, एवढ्याच काळाचे तपशील हवे आहेत. फ्रेंच वाचणाऱ्यांपैकी कुणी विश्वासार्ह चरित्र किंवा लष्करी अभिलेखागारातली कागदपत्रं सुचवाल का? इंग्रजीतलंही चालेल.