शनिवार-रविवार उडून पायलट होता येतं का?

टेलविंड (धागालेखक)

काल एका सदस्याने दुसऱ्या धाग्यावर लिहिलं, "नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी विमान शिकणाऱ्यांनी तो छंद समजावा, करिअरच्या गप्पा मारू नयेत." माझी चार वर्षं त्यांनी एका वाक्यात मोडीत काढली, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी दिवसभर हिशेब तपासतो. पहिलं, म्हणजे खासगी उड्डाणाचं लायसन्स मिळायला मला चौदा महिने आणि उड्डाणाचे ६८ तास लागले. किमान अट अमेरिकेत ४० तासांची आहे, युरोपात ४५ ची, आणि तेवढ्यात पार पडणारे पूर्णवेळवाल्यांतही थोडेच. माझे जादा तास कुठे गेले ते लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, स्वच्छ दिसतं. पहिले पाच महिने मी पंधरवड्यातून एकदाच उडत होतो. सगळं अडलं होतं लँडिंगच्या शेवटच्या दहा-पंधरा फुटांवर. मी नाकासमोरची धावपट्टी बघायचो. ती अंगावर आल्यासारखी वाटायची, दचकून योक (विमानाचं स्टिअरिंग, मागे ओढलं की नाक वर जातं) ओढायचो, विमान पुन्हा वर उचललं जायचं, वेग संपायचा आणि धपकन आपटायचो. इन्स्ट्रक्टर ओरडायचा, "टोकाकडे बघ, पार पलीकडच्या टोकाकडे!" तिसऱ्या फेरीला जमायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा श्रीगणेशा.

मग शनिवार, रविवार आणि बुधवारी ऑफिसच्या आधी पहाटे, असे आठवड्याला तीन धडे घेतले. सहा आठवड्यांत सोलो, म्हणजे एकट्याने पहिलं उड्डाण. नोकरी तीच होती, डोकंही तेच होतं. फरक पडला तो दोन धड्यांमधल्या खंडाने. हातात पैसे कमी असतील तर महिन्यातून दोनदा उडत बसू नका. आधी साठवा, मग सलग उडा.

जुना फ्लॅप

ते वाक्य माझंच, आणि मागे घेत नाही. मी अकरा वर्षं शिकवलंय. तुम्ही पहिल्या लायसन्सची गोष्ट सांगताय, तिथे करिअर सुरूही होत नाही. युरोपात एअरलाइनच्या थिअरीचे १३ विषय आहेत आणि पहिल्या पेपरपासून १८ महिन्यांत सगळे सुटावे लागतात. नंतर कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) ३६ महिन्यांत हातात नसेल तर ती थिअरी बाद. नोकरीत बढती आली, घरात आजारपण आलं, की हे गणित कोलमडतं. तसे कोलमडलेले मी डोळ्यांनी बघितलेत. आणि शनिवारी ढग खाली आले, रविवारी आडवा वारा सुटला, तर तुमचा 'सलग' आठवडा तिथेच संपला.

रातराणी

फ्लॅपकाका, ते १३ विषय मी लॅबमध्ये रात्रपाळी करत सोडवले. सोळा महिने. हवामानशास्त्राची वही सेंट्रिफ्यूजशेजारी उघडी असायची. पूर्णवेळ कोर्स मला परवडणारच नव्हता. 'करू नका' म्हणणं सोपं आहे. पण मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे?

पेन्सिल

सगळे तासांवर भांडताय, मेडिकलचं कुणी बोलतच नाही. मी चाळीस तास उडून झाल्यावर क्लास १ ला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या वैद्यकीय तपासणीला गेलो आणि रंग ओळखण्याच्या इशिहारा चाचणीतल्या ठिपक्यांत आकडा दिसेना. पुढच्या चाचणीतही नापास. आयुष्यात रंगांची अडचण कधी जाणवली नव्हती. कृपा करून पहिल्या धड्याच्या आधी क्लास १ करून घ्या, शेवटी नाही. नोकरी सोडली नव्हती म्हणून आज उभा आहे, तेवढ्यापुरता धागालेखकाच्या बाजूने.

जुना फ्लॅप

पेन्सिल यांच्याशी शंभर टक्के सहमत.

टेलविंड

हवामानाचा मुद्दा खरा आहे. पण माझे आणखी तास खाल्ले ते इन्स्ट्रक्टर बदलण्याने, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही! चौदा महिन्यांत तीन झाले. प्रत्येक नवा माणूस म्हणणार, "आधी बघू तुला काय येतं," आणि ते दोन तास माझ्या खिशातून. स्वतःच्या तासांची बेरीज पुरी झाली की हे इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये चालते होतात. शिकवण्यात त्यांचा जीवच नसतो.

जुना फ्लॅप

हे मात्र मनाला लागलं. त्या पोरांना बोल लावू नका, नियमाला लावा. अमेरिकेत २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारणपणे १५०० तास लागतात. मग २५० तासांचा पोरगा ते भरणार कुठे? शिकवूनच. आणि हा नियम आला कशातून? फेब्रुवारी २००९ च्या अमेरिकेतल्या बफेलोजवळच्या विमान अपघातातून, ५० माणसं गेली. त्या कॉकपिटमधल्या दोघांचेही तास १५०० च्या कितीतरी वर होते! स्टिक शेकर, म्हणजे वेग फार घटल्याचा इशारा, हातात थरथरत होता, नाक खाली करायचं सोडून कॅप्टनने योक मागे ओढला. तासांच्या आकड्याने काय शिकवलं त्याला?

रातराणी

म्हणून दोनशे तासांवर प्रवासी विमानात बसवायचं? दीड हजार तास एकट्याने निर्णय घेतलेल्या माणसाला हवेची जाण येते.

जुना फ्लॅप

ताई, युरोपात दोनशेच्या आसपास तासांवर को-पायलट होतात आणि रोज उडतात. धावपट्टीभोवतीच्या त्याच सर्किटमध्ये हजार तास घिरट्या घालणं म्हणजे एकच तास हजार वेळा. त्यापेक्षा स्टॉल (नाक फार वर जाऊन पंखांची उचल तुटणं), आडवा वारा, इंजिन गेल्यावर शेत निवडणं, हे पुन्हा पुन्हा घोटलेलं बरं.

रातराणी

घिरट्या तुमच्या विद्यार्थ्यांच्या असतील. मी लॉगबुकातला प्रत्येक तास पोटाला चिमटा काढून विकत घेतलाय, आणि निघण्याआधी त्यात काय करायचं ते कागदावर लिहून नेते. आमची अशी हेटाळणी करू नका.

जुना फ्लॅप

तशी तयारी करून येणारे माझ्याकडे अकरा वर्षांत चार आले. चौघेही नोकरीवाले होते, हे कबूल करतो. बाकीच्यांना मी आजही नको म्हणेन. आणि टेलविंड, तुमच्या लँडिंगच्या वर्णनात मला एक गोष्ट खटकली. घाबरून योक ओढायचात म्हणालात. बफेलोचं मूळ तेच आहे. दचकलं की हात मागे येतो. पहिलं लायसन्स मिळाल्यावर किती वेळा स्टॉलचा सराव केलात? लॉगबुक काढून मोजा आणि इथे लिहा.

टेलविंड

मोजले. अडीच वर्षांत दोनदा, त्यातलं एक चेकराइडला, म्हणजे परीक्षेच्या उड्डाणात. येत्या शनिवारचा क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या गावापर्यंतचा लांबचा फेरा, रद्द केलाय. इन्स्ट्रक्टर घेऊन वर जातोय, दीड तास फक्त स्टॉल.